कॉलऱ्याच्या खोलीतलं पुस्तक

गेल्या वर्षी माझ्या भाच्याने पुण्यातली कॉट-बेसिसची जागा सोडली. सहा वर्षं तो स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होता. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचला आणि दोन्ही वेळा तिथूनच परत फिरला. गावी जाताना पुस्तकांची ट्रंक माझ्याकडे टाकून गेला. ‘मामा, ठेवायची तर ठेवा, नाहीतर रद्दीवाल्याला द्या,’ एवढंच म्हणाला. ट्रंकेच्या वरच्या थरात अपेक्षित ऐवज होता : लक्ष्मीकांतांची राज्यव्यवस्था, मो. रा. वाळंबे यांचं व्याकरण, चालू घडामोडींचे गठ्ठे. त्याखाली मात्र चौदा पुस्तकं निघाली ती वेगळ्याच जातीची. यश, सवयी, श्रीमंती, अंतर्मन, पहाटेचे पाच. सगळी मराठी अनुवादातली.

या जातीशी माझी ओळख जुनी आहे, पण वाचक म्हणून नव्हे. मी पोटासाठी प्रुफं तपासतो. मुद्रितशोधक पुस्तक वाचत नाही, अक्षरं वाचतो. त्यामुळे इतकी पुस्तकं हाताखालून जाऊनही माझी सांपत्तिक स्थिती सुधारली नाही, यात त्या लेखकांचा दोष नाही. एक अनुवाद मात्र लक्षात राहिला आहे. त्यात जॉनचा सुरेश आणि मेरीची मीना झाली होती, पण हा सुरेश रोज सकाळी दारातला बर्फ उपसूनच ऑफिसला निघत असे. मी समासात प्रश्नचिन्ह टाकलं. ‘राहू द्या,’ असं उत्तर आलं, ‘वाचकाला प्रेरणा हवी असते, हवामान नको.’

भाच्याची पुस्तकं मी अक्षरांसाठी नव्हे, खुणांसाठी चाळली. मुलगा शिस्तीचा. पट्टी लावून पेन्सिलीने अधोरेखन केलेलं. पण प्रत्येक पुस्तकात ही पेन्सिल तीस-चाळीस पानांपुढे जात नाही. पुढची पानं कोरी, आणि मग दुसऱ्या पुस्तकात पहिल्या पानापासून पुन्हा पट्टी-पेन्सिल. पदपथावरून घेतलेल्या जुन्या प्रतींतही मी हेच पाहत आलो आहे. चौदापैकी एका पुस्तकात मात्र खूण पुढे, शेवटाजवळ होती आणि तीही बॉलपेनची. ज्याला यश मिळत नाही त्याला ते मनापासून हवंच नसतं, अशा अर्थाचा परिच्छेद होता आणि त्याच्या बाजूला भाच्याने बारीक अक्षरात लिहिलं होतं : ‘माझंच चुकतंय.’

पुस्तक फसलं तर गुन्हेगार वाचक, हा रिवाज कोणी पाडला? मला शोध घेण्याचं व्यसन आहे, पदवी नाही. वाचनालयं, जुन्या प्रती आणि रविवार एवढ्या भांडवलावर जे सापडलं ते मांडतो.

या घराण्याचा मूळ पुरुष बेंजामिन फ्रँकलिन मानतात. तेरा सद्गुणांचा तक्ता आखून रोज रात्री चुकांपुढे काळा ठिपका देणारा. पण फ्रँकलिन स्वतःला हसू शकत होता. टापटीप हा गुण आपल्याला शेवटपर्यंत साधला नाही, अशी कबुली त्याने आत्मचरित्रात दिली आहे. गर्व जिंकलाच, तर आपण नम्र झालो याचाच आपल्याला गर्व होईल, हेही त्याने ओळखलं होतं. या शाखेला नाव मात्र मिळालं ते १८५९ साली, सॅम्युअल स्माइल्सच्या ‘सेल्फ-हेल्प’ या पुस्तकामुळे. त्याच वर्षी, त्याच जॉन मरी या प्रकाशकाने डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ काढला. जगण्याच्या झगड्यात कोण टिकतं, याची दोन उत्तरं एकाच दुकानातून बाहेर पडली. पहिल्याच वर्षी स्माइल्सच्या वीस हजार प्रती खपल्या. १८७१ साली नाकामुरा मासानाओ यांनी त्याचा जपानी अनुवाद केला आणि वंशपरंपरागत मानमरातब नुकताच गमावलेल्या सामुराईंच्या मुलांनी तोही उचलून धरला.

हे पुस्तक म्हणजे एकट्या माणसाच्या पराक्रमाचं स्तोत्र, अशी माझी समजूत होती. प्रस्तावना वाचली आणि समजूत उलटी झाली. लीड्स हे कापडगिरण्यांचं शहर. तिथली दोन-तीन कामकरी पोरं हिवाळ्याच्या संध्याकाळी एकमेकांना शिकवायला एकत्र जमू लागली. ज्याला वाचता येई तो न येणाऱ्याला शिकवी, ज्याला हिशेब येई तो हिशेब. सुरुवातीची बैठक एकाच्या घरातल्या खोलीत. माणसं वाढली, उन्हाळा आला, तेव्हा बागेतल्या खोपट्यात आणि उघड्यावर. पुन्हा थंडी पडली, संख्या शंभराच्या घरात गेली, तेव्हा जागा हवी झाली. परवडेल अशी एकच होती. तिथे पूर्वी कॉलऱ्याच्या रोग्यांसाठी तात्पुरतं इस्पितळ केलेलं होतं. भीतीने कोणी भाडेकरू फिरकत नव्हता, म्हणून ती स्वस्तात मिळाली. १८४५ साली या पोरांनी स्माइल्सला बोलावलं, ‘आमच्याशी जरा बोला’ म्हणून. तो गेला, बोलला, पुन्हा पुन्हा गेला. त्या बोलण्याचं पुढे पुस्तक झालं.

म्हणजे स्वमदतीचं पहिलं पुस्तक शंभर माणसांनी वर्गणीने भाड्याने घेतलेल्या खोलीत जन्मलं. आपल्याकडे याला भिशी म्हणतात, मंडळ म्हणतात, फार तर सहकार म्हणतात. स्वमदत कोणी म्हणणार नाही.

स्माइल्सची स्वतःची कथाही तशीच आहे. तो वैद्यकी शिकत असताना १८३२ साली त्याचे वडील वारले, तेही कॉलऱ्याच्याच साथीत. मागे भावंडांचा मोठा गोतावळा. घरचं छोटं दुकान आईने चालवलं आणि मुलाचं शिक्षण तुटू दिलं नाही. ‘आपला हात जगन्नाथ’ असं जगाला शिकवणाऱ्या माणसाच्या डोक्यावर आईचा हात होता. मग तो डॉक्टर झाला, संपादक झाला, रेल्वे कंपनीचा सचिव झाला. त्याच्या नावाने हिणवणाऱ्यांनी हे वाचलेलं नसतं आणि त्याच्या नावाने भाषणं देणाऱ्यांनी तर नसतंच.

त्यालाही आपल्या नावाचा घोटाळा कळला होता. १८६६ च्या आवृत्तीत त्याने लिहून ठेवलं की हे शीर्षक दुर्दैवी ठरलं. नुसतं नाव वाचणाऱ्यांना हे स्वार्थाचं गुणगान वाटतं आणि आपला हेतू तर शेजाऱ्याला मदत करण्याचाही होता. पण त्याच प्रस्तावनेत त्याने जे केलं ते मला माफ करता येत नाही. अपयशी माणसांची चरित्रं का लिहू नयेत, हा आक्षेप तो घेतो आणि टोलवतो. लिहायला हरकत नाही, पण निव्वळ अपयशाची हकिकत वाचणाऱ्याला खिन्न करील आणि तिच्यातून शिकण्यासारखं काही निघणार नाही, असं त्याचं म्हणणं. इथे पाणी मुरायला सुरुवात झाली. पहाटे उठून, काटकसर करून, चिकाटी धरूनही जे बुडाले, ते या वाङ्मयातून कायमचे वगळले गेले. उरले फक्त पोचलेले. आणि पोचलेल्याला विचारलं की तो वाटेचं वर्णन करतो, बोट कोणी दिली ते सांगत नाही.

अटलांटिकच्या पलीकडे ही खोली पुरती रिकामी झाली. डेल कार्नेगीचं मित्र जोडण्याबद्दलचं पुस्तक १९३६ सालचं, नेपोलियन हिलचं विचार करून श्रीमंत होण्याबद्दलचं १९३७ चं. साल नीट पाहावं. अमेरिकेत महामंदी होती. कारखाने बंद होते आणि लाखो लोक कामाच्या शोधात होते. त्या लोकांना सांगितलं गेलं की हसतमुख राहा आणि इच्छा तीव्र करा. कार्नेगी हा पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीचा कोणी नव्हे. त्याने आपल्या आडनावाचं स्पेलिंग बदलून त्या कार्नेगीसारखं करून घेतलं. पुस्तकातला पहिला धडा त्याने मुखपृष्ठावरच गिरवला आहे. हिल म्हणतो की यशाचं गुपित शोधायचं काम आपल्याला खुद्द अँड्र्यू कार्नेगीने सोपवलं. पोलादसम्राट १९१९ साली वारला आणि या भेटीला हिलच्या शब्दापलीकडे पुरावा सापडलेला नाही. एका लोखंडवाल्याच्या नावावर दोघांचे संसार उभे राहिले, हे स्वमदतीचं उदाहरण म्हणावं की परमदतीचं?

१९८९ साली स्टीफन कोव्हीने सात सवयींचं पुस्तक लिहिताना सुमारे दोनशे वर्षांचं असं वाङ्मय चाळलं. आधीचे लेखक चारित्र्याबद्दल लिहीत, अलीकडचे नुसत्या व्यक्तिमत्त्वाच्या मुलाम्याबद्दल लिहितात, असा त्याचा निष्कर्ष. निदान बरोबर आहे. मात्र या निदानावर उतारा म्हणून त्याने आणखी एक पुस्तक दिलं.

आणि पहाटेचे पाच. रॉबिन शर्मांचं त्या वेळेचं माहात्म्य सांगणारं पुस्तक २०१८ चं. भाच्याच्या प्रतीत या पुस्तकाची पानं सर्वांत मळलेली आहेत. माझी आई चाळीस वर्षं साडेचारला उठली, कारण नळाला पाणी तेव्हाच येई. एसटीची पहिली गाडी काढणारा ड्रायव्हर, मार्केट यार्डातला हमाल, विरारहून पहिली लोकल पकडणारी मासळीवाली, ऊसतोडीला निघालेली जोडपी : या मंडळाचे सभासद महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पहाटे उठून माणूस श्रीमंत होत असता, तर एव्हाना दूधवाल्यांच्या नावाने बँका निघाल्या असत्या.

विनोद सोडून देऊ. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये एका टेबलाएवढी जागा महिन्याच्या भाड्याने मिळते. तिथे शंभर मुलं शेजारीशेजारी बसतात आणि प्रत्येकाच्या पुढ्यात तेच पुस्तक असतं. राज्यसेवेच्या जागा शेकड्यांत, अर्ज लाखांत. सगळेच एक तास आधी उठले म्हणून एकही जागा वाढत नाही. फक्त सगळ्यांची झोप एक तास कमी होते. हा हिशेब चौथीतल्या मुलाला कळतो. पण तो यशाच्या एकाही पुस्तकात नाही, कारण तो मांडला की ‘तुम्ही’ हा त्या पुस्तकांचा लाडका शब्द ‘तुम्ही सगळे’ असा वाचावा लागतो. लीड्सच्या खोलीतही शंभर पोरं होती. पण तिथे एकाला हिशेब आला म्हणून दुसऱ्याची जागा जात नव्हती.

आपल्याकडे असा उपदेश नव्हता असं नाही. ‘दासबोध’ दुसरं काय आहे? एकोणिसाव्या दशकात करंटलक्षण आणि सदेवलक्षण लागोपाठ येतात. आजच्या भाषेत अपयशी आणि यशस्वी माणसांच्या सवयी. लेखन कसं करावं यावरही एक समास आहे, त्यात बोरू कसा तासावा इथपर्यंत तपशील. पण समर्थांनी दुसऱ्या दशकाची सुरुवात मूर्खलक्षणाने केली आणि शेवट पढतमूर्खाच्या लक्षणांनी. पहिला मूर्ख अडाणी. दुसरा वाचलेला, त्याला सगळं ठाऊक असतं, तो ते दुसऱ्याला सांगतोही, फक्त करत नाही. समास वाचताना एकेक लक्षण आपल्याला लागू पडत जातं आणि हसू येतं. यशाच्या पुस्तकांत पढतमूर्खावर प्रकरण सापडत नाही. कसं सापडेल? तो त्यांचा कायमचा गिऱ्हाईक आहे. (प्रस्तुत लेखकही चौदा पुस्तकं वाचून हा लेख लिहितो आहे, याची त्याला जाणीव आहे.)

मराठी विनोदाने ही आत्मसुधारणा नेहमी चारचौघांत आणून उभी केली. पु. ल. देशपांड्यांच्या ‘बटाट्याची चाळ’मधला ‘उपास’ आठवावा. वजन कमी करायचा निश्चय पंत एकटे करतात, पण सल्ले अख्खी चाळ देते आणि एकाचा सल्ला दुसऱ्याशी जुळत नाही. चाळीत कोणालाही गुपचूप सुधारता येत नाही. आणि म्हणूनच तिथे अपयशही गुपचूप राहत नाही. ते सगळ्यांचं होतं, त्याची थट्टा होते आणि थट्टा झाली की ते हलकं होतं. भाच्याच्या कॉट-बेसिसच्या खोलीत सहा मुलं होती. तिघे पूर्वपरीक्षेत गळले, दोघे मुख्य परीक्षेत, आणि कोणीच कोणाला निकाल सांगितला नाही. हे त्याने मला मागाहून सांगितलं, अगदी सहज बोलावं तसं.

या पुस्तकांत काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. समोरच्याचं नाव लक्षात ठेवावं, हा कार्नेगीचा सल्ला सोळा आणे खरा आहे. मी जिथे अकरा वर्षं प्रुफं तपासली तिथले मालक मला शेवटपर्यंत आडनाव चुकवून हाक मारत. तो छापखाना बंद पडला तेव्हा मी स्वतः रात्री असंच एक पुस्तक घेऊन बसायचो. ते थापा मारतंय हे कळत होतं. तरी ‘तुम्ही’ म्हणून त्या घटकेला माझ्याशी बोलणारं दुसरं कोणी जागं नव्हतं, आणि वाचता वाचता झोप लागायची. एवढं ऋण आहे. फक्त औषधाच्या बाटलीवर ‘गुण आला नाही तर रोगी नालायक’ असं छापलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

दिवाळीच्या आवराआवरीत अखेर ट्रंक रद्दीवाल्याकडे नेली. लक्ष्मीकांत आणि चालू घडामोडी त्याने काट्यावर टाकल्या. परीक्षांचा अभ्यासक्रम बदलतो, जुनं कोणी घेत नाही. वाळंबे मी काढून घेतले, माझ्या कामाचे. यशाची पुस्तकं त्याने काट्याला लावलीच नाहीत, बाजूला रचली. ‘हा माल रद्दी होत नाही काका,’ तो म्हणाला, ‘परत विकला जातो. पेन्सिलीच्या खुणा तेवढ्या खोडून आणा, नगाला दहा रुपये जास्त देतो.’

म्हणून घरी आणून दोन संध्याकाळ खोडरबर घेऊन बसलो. तेरा पुस्तकं स्वच्छ झाली. चौदाव्यातलं वाक्य बॉलपेनचं होतं. ती प्रत माझ्याकडेच आहे.