छाप, कंपनी आणि आडनाव

नव्वदोत्तरी मराठी कवितेविषयी जे समीक्षात्मक लेखन झाले आहे, त्यात व्यापारी नाममुद्रांचा विचार बहुधा एकाच अर्थाने केलेला आढळतो. १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर बाजार घरात शिरला, वस्तूंच्या नावांनी माणसाच्या जाणिवेचा ताबा घेतला, त्याचे स्वत्व पोखरले गेले आणि कवितेत गर्दी करणारी ही नावे म्हणजे त्या पोखरलेपणाची लक्षणे होत, असे ते सूत्र आहे. हेमंत दिवटे, सलील वाघ, मन्या जोशी, वर्जेश सोलंकी यांच्या कवितेला ते बऱ्याच अंशी लागूही पडते. १९९२ मध्ये सुरू झालेले 'अभिधा' आणि त्याचेच पुढचे रूप असलेले 'अभिधानंतर' यांच्याभोवती जी कविता उभी राहिली, तिने वस्तूंची नावे सजावट म्हणून वापरली नाहीत. ती नावे तिच्या भाषेचाच एक स्तर झाली. तेव्हा प्रस्तुत लेखातील आक्षेप या सूत्राच्या खरेपणावर नसून त्याच्या व्याप्तीवर आहे. बाजाराने पोखरण्यापूर्वी हा 'स्व' अखंड होता, त्याला स्वतःची म्हणून एक ओळख होती आणि जग त्याला त्याच ओळखीने ओळखत होते, हे गृहीतक त्यात दडलेले आहे. ते नेमके कोणाविषयीचे गृहीतक आहे, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

'नाममुद्रा' हा पारिभाषिक शब्द आपण लेखांतून वापरतो. बाजाराने तो कधी जवळ केला नाही. बाजाराचा जुना शब्द 'छाप'. गाय छाप तंबाखूची पुडी ग्रामीण महाराष्ट्रात माहीत नाही असा माणूस विरळा. वस्तूवर उमटवलेली खूण ती छाप. आणि एका माणसाच्या मनावर दुसऱ्याचा प्रथमदर्शनी जो ठसा उमटतो तीही छापच. ग्रंथ सिद्ध होतो तोही छापूनच. बाजार, मन आणि साहित्य या तिन्ही व्यवहारांना मराठीने एकच शब्द पुरवावा, ही गोष्ट चिन्हमीमांसेच्या अभ्यासकाने सहज सोडून द्यावी अशी नाही. 'छाप पाडणे' या प्रयोगात कर्ता प्रबळ भासतो. जणू पाडणाऱ्याच्या कर्तबगारीवरच सारे अवलंबून आहे. प्रत्यक्षात छाप उमटायची तर ज्यावर ती उमटायची तो पृष्ठभाग आधी विशिष्ट रीतीने तयार असावा लागतो. 'ओळख' या शब्दाचीही हीच गत आहे. अस्मिता आणि परिचय हे दोन्ही अर्थ त्यात आहेत, आणि परिचय देणारा-घेणारा दुसरा कोणी नसेल तर पहिला अर्थही लटका पडतो.

प्रस्तुत लेखकाचे गाव बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात, उमापूर. या भागात वस्तूच्या अस्सलपणासाठी आज तिसराच शब्द रूढ आहे, तो म्हणजे 'कंपनी'. कंपनीचा बूट, कंपनीचे घड्याळ, कंपनीचा शर्ट. कोणत्या कंपनीचा, हा प्रश्न दुय्यम. 'कंपनीचा' याच्या विरोधात 'लोकल' किंवा 'डुप्लिकेट' उभा असतो, आणि या दोहोंच्या मध्ये अलीकडे 'फर्स्ट कॉपी' नावाची एक चमत्कारिक कोटी आली आहे, जी अस्सल नसल्याचे मान्य करूनही नकलांमध्ये आपण पहिल्या असल्याचा मान मिरवते. येथे एक गोष्ट वारंवार पाहायला मिळते. एकाच दुकानातून घेतलेला, एकाच खुणेचा बूट कंत्राटदाराच्या मुलाच्या पायात असला तर तो कंपनीचा ठरतो. ऊसतोडीला जाणाऱ्याच्या मुलाच्या पायात असला तर तो फर्स्ट कॉपी असणार, असे पाहणारा न विचारताच धरून चालतो. वस्तू माणसाची पत ठरवते, असे आपण म्हणतो. इथे माणसाचे आडनाव वस्तूची पत ठरवते आहे.

थॉर्स्टाइन व्हेब्लेनच्या १८९९ मधील रिकामटेकड्या वर्गाच्या सिद्धान्तात या घटनेला जागा नाही. दिखाऊ उपभोगाची त्याची मीमांसा पाहणारा वस्तूची किंमत वाचतो, या भरवशावर उभी आहे. पिएर बोर्द्यूने १९७९ च्या आपल्या ग्रंथात अभिरुची ही वर्गभेदाची खूण कशी होते ते दाखवले, आणि नुसती वस्तू हाती येऊन भागत नाही, ती वागवण्याची सहजता हीच खरी खूण, हे त्याचे निरीक्षण आपल्याला पुष्कळ जवळचे आहे. पण ती सहजता शिकण्याची, निदान पिढ्या ओलांडून मिळवण्याची, शक्यता त्याच्या समाजात तत्त्वतः खुली आहे. आपल्याकडे वस्तू वाचली जाण्याआधी एक वाचन होऊन गेलेले असते. २०२५ च्या आरंभीच्या महिन्यांत बीड जिल्हा पोलीस दलात कर्मचाऱ्यांच्या टेबलांवरील पाट्यांवरून आडनावे काढून केवळ पहिली नावे ठेवण्यात आली. जातीय तणावाच्या पार्श्वभूमीवर घेतलेला हा निर्णय प्रशासकीय होता, परंतु चिन्हांचा अभ्यास करणाऱ्याने तो सिद्धान्त म्हणून वाचायला हरकत नाही. गणवेशासारखी सर्वांना समान करणारी वस्तू अंगावर असतानाही छातीवरची वा टेबलावरची दोन अक्षरे पहिली छाप ठरवतात, याची ती कबुली होय.

या पहिल्या वाचनाशी झगडण्याचा इतिहास महाराष्ट्रात बाजारपेठेच्या खूप आधीचा आहे. १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सत्कारप्रसंगी जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले, हे सर्वश्रुत आहे. तेथे वेष हाच युक्तिवाद होता: उंची पोशाखांच्या मेळाव्यात जो दिसणार नाही त्याला दिसायला लावणे. डिसेंबर १९२७ मधील महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांसमोर केलेले भाषण याच्या नेमके उलट दिशेने जाते, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ते अधिक मूलगामी आहे. लुगडे नेसण्याची ठरावीक पद्धत आणि अंगावरचे कथलाचे, चांदीचे दागिने ही अस्पृश्यतेची खूण म्हणून लांबूनही ओळखू येत; ती खूण टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. त्या स्त्रियांनी तेथेच नेसण्याची पद्धत बदलल्याचे परिषदेचे वृत्तान्त सांगतात. या प्रसंगाचे वर्णन 'वरिष्ठांचे अनुकरण' असे करण्याचा मोह समाजशास्त्राला होतो, एम. एन. श्रीनिवास यांची संस्कृतीकरणाची संकल्पना त्यासाठी हाताशी असतेच. पण ते वाचन उथळ आहे. येथे नवी ओळख धारण करण्यापेक्षा जुनी न वाचली जाण्याचा हक्क मागितला आहे. रस्त्याने जाणाऱ्या बाईकडे पाहून कोणाला काही सांगता येऊ नये, एवढीच ती मागणी होती, आणि ती साधी नव्हती.

बाबुराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहातील त्याच नावाची कथा या हक्काची शोकान्त बाजू दाखवते. नोकरीसाठी गुजरातेत उधन्याला गेलेला निवेदक आपल्या बोलण्याने, विद्येने, आत्मविश्वासाने इतरांवर छाप पाडतो. त्या छापेच्या आधारावर त्याला खोली मिळते, आदर मिळतो. जात कळताच तीच माणसे त्याच्यावर तुटून पडतात. या कथेची चर्चा विद्रोहाची कथा म्हणून विपुल झाली आहे. शीर्षकातील 'चोरली' या क्रियापदाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. जात लपवली असे न म्हणता चोरली असे म्हणण्यात एक विलक्षण उलटापालट आहे: जी गोष्ट स्वतःवर लादली गेली तिच्याबाबत मौन पाळणे हीच चोरी ठरते, कारण ती पाहणाऱ्याच्या मालकीची आहे. माझ्याकडे पाहून मला ओळखण्याचा त्याचा हक्क मी हिरावून घेतलेला असतो. उमापूरच्या त्या बुटाबद्दल 'हा डुप्लिकेटच असणार' असे जो म्हणतो, तोही एका अर्थाने चोरीचाच आरोप करीत असतो.

असे पाहिले म्हणजे नव्वदोत्तरी समीक्षेच्या सूत्राला बसणारी खीळ कोठे आहे ते दिसते. महानगरी कवीला नाममुद्रांचे भय वाटते ते त्या सर्वांना सारखे करून टाकतात म्हणून. लाखोंनी निघालेला शर्ट अंगावर चढवला की मी कोणीही होतो, ही त्याची व्यथा आहे. परंतु 'कोणीही' होता येणे ही ज्यांची शंभर वर्षांची मागणी होती, त्यांना तोच शर्ट काही वेगळे सांगतो. त्यावर गावाचे नाव नसते, वस्तीचे नसते, आजोबांच्या कामाचे नसते. एस.टी.ने पुण्याला उतरणाऱ्या गेवराईच्या मुलाला पहिल्या काही मिनिटांत त्या शर्टाखाली मिळणारी अनामिकता ही परात्मता नव्हे. तो विसावा असतो. तो फार काळ टिकत नाही. नाव विचारले जाते, आणि मग पुढचे नाव. पण एकाची हानी तीच दुसऱ्याची सुटका असेल, तर समीक्षेने त्यांपैकी एकीलाच 'नव्वदोत्तर संवेदना' असे नाव देण्याचे कारण काय? देशीवाद येथे आपल्या मदतीला येईल असे वाटते, पण येत नाही. 'टीकास्वयंवर'ने (१९९०) आपल्याला परकीय मानदंडांविषयी सावध केले हे खरे. तथापि वस्तूच्या परकीयपणाला हरकत घेताना देशी खुणांनी कोणाचे काय केले याचा हिशेब तो विचार क्वचितच मांडतो. महाडला टाकून दिलेले कथलाचे दागिने पूर्णतः देशी होते.

अर्थात या सुटकेचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. २०१५ मध्ये शिर्डी येथे एका दलित तरुणाच्या भ्रमणध्वनीवर आंबेडकरांविषयीच्या गाण्याची धून वाजली, त्यातून उद्भवलेल्या वादात त्याचा खून झाल्याचे वृत्त आले होते. यंत्र सर्वांच्या हाती होते तसेच. त्यातून उमटलेला आवाज मात्र वाचला गेला. मराठवाड्यात एखाद्याच्या अंगावर नवी वस्तू दिसली की ती त्याला 'शोभते' किंवा त्याला 'माज' आलेला असतो, आणि या दोन शब्दांची वाटणी किमतीवरून होत नाही, हे येथे राहणाऱ्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

वस्तूला नाव आणि माणसाला वस्तूचे नाव, असाही एक व्यवहार या जिल्ह्यात चालतो. बीडमधून ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. हिशेब होतो तो कोयत्याचा. एकटा असेल तर अर्धा कोयता. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि जिल्ह्याचे नाव त्या फळापुरते गुणवत्तेची खूण झाले; फडावर गेलेल्या बीडकराच्या बाबतीत तेच नाव टोळीची खूण असते. भास्कर चंदनशिव यांच्या 'लाल चिखल' या कथेत भाव न मिळालेले टोमॅटो बाप बाजारातच तुडवतो. त्या कथेतल्या मालावर कोणाची छाप नाही, म्हणून त्याला स्वतःचा भाव सांगता येत नाही; किंमत घेणारा ठरवतो. नाममुद्रेच्या अभावाची ही कथा आहे, असे म्हटले तर ती ओढाताण वाटेल, पण बाजारात निनावी असणे म्हणजे काय हे मराठीत इतक्या थेटपणे थोड्या ठिकाणी आले आहे. आणि आज त्याच शेतकऱ्याच्या डोक्यावर बियाण्याच्या कंपनीने फुकट वाटलेली टोपी असते, अंगात खताच्या कंपनीचा टी-शर्ट. शहरातला तरुण कंपनीची खूण छातीवर वागवण्यासाठी पैसे मोजतो. इथे कंपनी जाहिरातीची जागा म्हणून छाती वापरते. नव्वदोत्तरी कवितेच्या नाममुद्रांच्या सूचीत ही टोपी मला सापडलेली नाही.

साहित्यव्यवहाराने या विषयाकडे वरून पाहावे अशी त्याची स्वतःची स्थितीही नाही. 'किर्लोस्कर' मासिक १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' म्हणून सुरू झाले ते कारखान्याचे पत्र म्हणून. लोखंडी नांगराचे नाव पुढे मराठी मध्यमवर्गाच्या वाचनाचे नाव झाले. 'सत्यकथे'त कविता येणे ही तर अनेक दशके कवीवर उमटणारी छापच होती. १९६९ मध्ये लघुनियतकालिकांच्या तरुण लेखकांनी 'सत्यकथे'ची होळी केली, तेव्हा १९०५ मधील पुण्याच्या विदेशी कापडाच्या होळीची आठवण होणे स्वाभाविक होते. दोन्ही ठिकाणी जाळली गेली ती वस्तूपेक्षा तिच्यावरची खूण. प्रकाशनसंस्थेचे नाव पाहून संग्रह हाती घेण्याची सवय आपल्यापैकी कितीजणांनी सोडली आहे? उमापूरच्या पत्त्यावरून आलेले हस्तलिखित आणि पुण्याच्या पत्त्यावरून आलेले हस्तलिखित संपादकाच्या टेबलावर सारख्याच डोळ्यांनी वाचले जाते, असे छातीठोकपणे कोण सांगेल?

हे दुसऱ्यांविषयी बोलणे सोपे आहे. काही वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी आलेल्या कवितांमध्ये ऊसतोडीच्या हंगामाहून परतलेल्या एका विद्यार्थ्याची कविता प्रस्तुत लेखकाकडे आली होती. हंगामाच्या पैशांतून घेतलेल्या बुटांविषयी ती होती, आणि पहिल्याच ओळीत कंपनीचे नाव होते. ते नाव कवितेच्या भाषेला मारक आहे, अशी समजूत काढून मी ते खोडले आणि तेथे नुसते 'बूट' असे लिहिले. मुलाने थोडा वेळ कागदाकडे पाहिले आणि दुरुस्ती मान्य केली. कविता तशीच छापली गेली.