अडखळणारा राजा आणि आपला वर्ग

टॉम हूपर दिग्दर्शित ‘द किंग्ज स्पीच’ हा इंग्रजी चित्रपट २०१० साली आला. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज आणि त्यांचे वाचोपचारक लायनेल लोग यांची ही कथा. त्याच वर्षीच्या ‘गोलमाल ३’ या हिंदी चित्रपटात अडखळणे हे हशा पिकवण्याचे साधन होते. येथे मात्र ते दुःख म्हणून दिसते. अमरावती-अकोल्याच्या शिक्षकांनी तो अवश्य पाहावा, पण चिकित्सक नजरेने.

कानांवर मोठ्याने संगीत वाजत असताना नायक उतारा सलग वाचतो, हा प्रसंग विशेष मोलाचा आहे. स्वतःचा आवाज ऐकू येईनासा झाला, किंवा गाताना, समूहाने वाचताना, अडखळणे बहुधा कमी होते. म्हणून ‘कविता घडाघडा म्हणतो, मग हजेरीला ‘हजर’ का निघत नाही? ढोंग आहे!’ हा आपला निष्कर्ष चुकीचा ठरतो.

चित्रपटाची उणीव कारणमीमांसेत आहे. वडिलांचा धाक, डावखुरेपणा बदलण्याची सक्ती यांवर तो नको इतका भर देतो. पाहणारा पालक स्वतःलाच दोषी धरील. वास्तविक आनुवंशिकता आणि वाणीवरील मेंदूच्या नियंत्रणातील फरक ही मुख्य कारणे मानली जातात. २०१० मध्येच डेनिस ड्रेना यांच्या गटाने पाकिस्तानी कुटुंबांच्या अभ्यासातून याच्याशी निगडित जनुके दाखवून दिली. धाकामुळे त्रास वाढतो, पण मूळ तेथे नसते. मग तोंडात गोट्या धरून किंवा जिभेला वेखंड लावून तो कसा जाणार?

दुसरी उणीव अशी की, राजाला स्वतंत्र उपचारक लाभला. मुंबईत १९८३ पासून अली यावर जंग संस्था आहे. परंतु वऱ्हाडातील खेड्यातल्या मुलाला तेथवर रात्रभराचा प्रवास. तज्ज्ञाकडे पाठवणे आवश्यकच. तरी आठवड्यातील एका तासाच्या उपचाराला उरलेले दिवस वर्गच तारतो किंवा मारतो.

शेवट मात्र शास्त्रशुद्ध आहे. १९३९ च्या युद्धघोषणेच्या भाषणातही राजा थोडा अडखळतोच, आणि त्यावर विनोद करतो. अडखळणे पूर्ण थांबणे नव्हे, तर न घाबरता बोलणे हे उपचाराचे यश. तेव्हा मुलाचे वाक्य आपण पुरे करू नये, ‘सावकाश बोल’ म्हणू नये, कोणाला हसू देऊ नये. त्याचे बोलणे संपेपर्यंत थांबावे. लोग समोर उभा राहून हेच करतो.