हायड्रोजन वाहनांची बाजारवाढ : टक्केवारीची एक चिकित्सा

हायड्रोजन फ्युएल सेलवर चालणाऱ्या विद्युत वाहनांविषयीचे बाजार-अहवाल वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. वार्षिक वाढीची टक्केवारी त्यांत ठळकपणे दिलेली असते. ती ज्या संख्येवर काढली ती मूळ संख्या मात्र शोधावी लागते. शंभर वाहनांची दोनशे झाली तरी वाढ शंभर टक्केच भरते. वाणिज्य व व्यवस्थापन शाखांतील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत हे आकडे जसेच्या तसे उतरतात व मार्गदर्शक म्हणून त्यांवर आपण स्वाक्षरी करतो; म्हणून हा प्रश्न केवळ मोटार उद्योगाचा राहत नाही.

जपानचे उदाहरण यासंदर्भात बोलके आहे. टोयोटाने डिसेंबर २०१४ मध्ये ‘मिराई’ ही मोटार तेथील बाजारात आणली. जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ ‘भविष्य’ असा होतो. किंमत सुमारे ७२ लाख येन आणि त्यावर सुमारे २० लाख येनचे शासकीय अनुदान होते. पुढे डिसेंबर २०१७ च्या मूलभूत हायड्रोजन धोरणात २०२० पर्यंत ४०,०००, २०२५ पर्यंत २ लाख व २०३० पर्यंत ८ लाख वाहनांचे उद्दिष्ट जाहीर झाले. प्रत्यक्षात २०२० च्या अखेरीस जपानच्या रस्त्यांवर अशी पाच हजार वाहनेही नव्हती.

या अपयशाचे नेहमीचे स्पष्टीकरण म्हणजे ‘आधी कोंबडी की आधी अंडे’: पंप नाहीत म्हणून वाहने नाहीत आणि वाहने नाहीत म्हणून पंप नाहीत. प्रस्तुत लेखकास हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. जपानमध्ये १६० पंपांच्या उद्दिष्टाच्या बरेच जवळ जाता आले, तरीही ग्राहक आला नाही. खरे कारण ऊर्जेच्या हिशोबात आहे. विजेने पाण्याचे विघटन करायचे, मिळालेला वायू टाकीत ७०० बार दाबाने भरायचा आणि गाडीत त्याचीच पुन्हा वीज करायची, या द्राविडी प्राणायामात मूळ विजेचा सुमारे दोन तृतीयांश भाग वाया जातो. बॅटरीवरील मोटारीत ही गळती साधारण एक चतुर्थांश असते. शिवाय आज जगात तयार होणारा बहुतांश हायड्रोजन नैसर्गिक वायू व कोळशापासूनच मिळतो.

कॅलिफोर्नियात हा हिशोब ग्राहकाच्या खिशापर्यंत पोहोचला. टोयोटा तेथे मिराईसोबत १५,००० डॉलरपर्यंतचे इंधन मोफत देत असे. म्हणजे विक्रीच्या आकड्यात मागणी किती आणि सवलत किती, हे वेगळे काढणे कठीण. २०२३-२४ मध्ये तेथील अनेक पंपांवर हायड्रोजनचा दर किलोला ३० डॉलरच्या वर गेला आणि मिराईच्या टाकीत तर साडेपाच किलोंहून अधिक वायू मावतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेल कंपनीने त्या राज्यातील मोटारींसाठीचे आपले सातही पंप कायमचे बंद केले. ‘पायाभूत सुविधांचा विस्तार’ हे गृहीतक पायाशी ठेवणाऱ्या अंदाजांना ही घटना सामावून घेता येत नाही.

अवजड वाहनांची बाब काहीशी निराळी आहे, हे मान्य करावयास हवे. ठरावीक मार्ग, एकच आगार आणि मोठ्या बॅटरीचे वजन यांमुळे तेथे हायड्रोजनचा दावा विचारार्ह ठरतो; चीनमधील अशा वाहनांत बस व ट्रकच बहुसंख्य आहेत. पुण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये सादर झालेली केपीआयटी व सीएसआयआर यांची फ्युएल सेल बस याच वर्गातील होय. अशा बसवर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याने बाजारवाढीचा दर उतरवण्यापूर्वी किलोमीटरमागे किती हायड्रोजन लागला, तो कशापासून तयार झाला आणि त्याच मार्गावर बॅटरीवरील बसला किती खर्च येतो, एवढे तरी विचारावे.