‘मालक’ या शब्दाची तपासणी

आपल्या साहित्यात ‘मालक’ हा शब्द फार सरळपणे वापरला गेला. ज्याच्या हाती साधन तो मालक, ज्याच्याकडे हातांखेरीज काही नाही तो मजूर. कामगार-कवितेने ही विभागणी गृहीत धरली. तिच्यात जातीचा छेद घेतला तो दलित साहित्याने. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहातील शीर्षककथेत रेल्वेत नोकरी मिळालेल्या माणसाच्या मागे त्याची जात भाड्याच्या खोलीपर्यंत चालत येते. मजूर एकजिनसी नाही, हे त्या कथेने सिद्ध केले. परंतु मालक एकजिनसी नाही, हे सिद्ध करण्याचे काम आपल्या समीक्षेने अद्याप अंगावर घेतलेले नाही. मालकाची बाजू शत्रूची म्हणून आपण ती तपासलीच नाही.

मुंबई-गोवा महामार्गावर, पेणपासून वडखळ, नागोठणे, कोलाडपर्यंत, या शब्दाची तपासणी करण्याजोगी भूमी आहे. पेण तालुक्यात डोलवीचा पोलाद कारखाना, रोहा तालुक्यात नागोठण्याचे पेट्रोकेमिकल संकुल आणि धाटावची रसायनांची औद्योगिक वसाहत. कारखाना आला की माल आला, माल आला की गाडी आली. या गाड्यांपैकी कितीतरी अशा, की ज्यांचा चालक हाच मालक आहे. लोक त्याला ‘गाडीवाला’ म्हणतात आणि त्याच्या गाडीला ‘अटॅच गाडी’. गाडी त्याची, पण ती लागलेली असते कुणा ट्रान्सपोर्टरकडे.

ही व्यवस्था नीट समजून घेतली पाहिजे, कारण शोषणाची कविता लिहिणे सोपे आणि शोषणाचा हिशेब मांडणे अवघड. कारखाना एकेकट्या गाडीवाल्याशी बोलत नाही. तो वाहतुकीचे कंत्राट ट्रान्सपोर्टरला देतो. ट्रान्सपोर्टरकडे स्वतःच्या चार गाड्या असोत वा नसोत, त्याच्याकडे भरण्याचा हक्क असतो. गाडीवाला त्याच्याकडे नंबर लावतो. भाडे टनावर ठरते. त्यातून कमिशन कापले जाते. डिझेलची चिठ्ठी आणि थोडी उचल आधी मिळते. बाकी रक्कम बिल्टीची पोच परत आणून दिल्यावर, तीही आज नव्हे, महिना-दोन महिन्यांनी. माल कमी भरला तर तूट गाडीवाल्याच्या भाड्यातून. फाटकाबाहेर दोन दिवस गाडी उभी राहिली तर त्या दिवसांचे मोल कुणी द्यायचे, यावर वाद, आणि वादात ज्याला उद्या पुन्हा नंबर हवा आहे तो गप्प. परतीचा माल मिळाला नाही तर रिकामी गाडी आणायची. डिझेल त्याचे, टायर त्याचे, टोल त्याचा. महिन्याच्या ठरल्या तारखेला हप्ता मात्र चुकत नाही.

आता त्या गाडीकडेच एक मजकूर म्हणून पाहा. आपल्या समीक्षकांनी ट्रकच्या मागचे शेर आणि विनोद यांवर कौतुकाने लिहिले आहे. ‘हॉर्न ओके प्लीज’वर २०१५ साली राज्य सरकारने बंदी घातली तेव्हा लोकसंस्कृती गेली म्हणून हळहळ झाली. ही हळहळ मला थोडी ऐषारामी वाटते. वाचायचा मजकूर मागे नाही, कडेला आहे. काचेवर ‘जय भीम’ किंवा आईचे नाव, ते त्याचे स्वतःचे. दरवाज्यावर ट्रान्सपोर्टरचे नाव, ठळक. खाली बारीक अक्षरांत ज्या बँकेकडे वा फायनान्स कंपनीकडे गाडी तारण आहे तिचे नाव. आणि त्याच बारीक अक्षरांत, वजनाच्या आणि परमिटच्या आकड्यांसोबत, ‘मालक’ म्हणून त्याचे. एकाच पत्र्यावर तीन हक्क लिहिलेले आहेत आणि अक्षरांच्या आकारावरून त्यांची उतरंड कळते. हप्ते थकले की गाडी ‘ओढून नेतात’. हा शब्द गाडीवाल्यांचाच, आणि तो गुरे ओढून नेण्याच्या जुन्या वापरातून आला असेल तर नवल नाही.

येथे कुलाबा जिल्ह्याचा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगडचा, इतिहास आठवावा लागतो. खोत हा जमिनीचा निखळ मालक नव्हता. त्याच्याकडे वसुलीचा हक्क होता. कूळ कसत होते, बियाणे आणि बैल कुळाचे, पावसाचा धोका कुळाचा, आणि खोत हक्कावर जगत होता. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे जमिनी न कसता संप केला. १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कायदा झाला तो १९४९ साली. ट्रान्सपोर्टर हा आजचा खोत आहे, असे कुणी म्हटले तर मी अर्धे मान्य करीन. मालाशी त्याचा संबंध हक्काचा, गाडीवाल्याचा संबंध जोखमीचा. येथवर साम्य आहे. पण कूळ जमीन पडीक टाकून संप करू शकले, कारण जमीन पडीक राहिली तरी व्याज मागत नव्हती. उभी गाडी व्याज मागते. म्हणून गाडीवाल्याचा संप लांबत नाही. शिवाय कुळासाठी कायदा झाला, याला कायद्याने कूळही मानलेले नाही. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा २०२५ पर्यंत पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांना लागू होत होता. कामाचे तास, विश्रांती, भरपगारी रजा या साऱ्या गोष्टी नोकराच्या. जो स्वतःलाच कामावर ठेवतो त्याने तास कुणाकडे मोजायचे?

अपघात झाला की मात्र तो दोन्ही असतो: चालक म्हणून फौजदारी जबाबदार, मालक म्हणून भरपाईला जबाबदार. जानेवारी २०२४ मध्ये नव्या न्यायसंहितेतील दहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध देशभर ट्रकचालक रस्त्यावर उतरले, आणि ते कलम तेवढे लांबणीवर पडले. त्या आंदोलनाच्या चर्चेत चालक आणि मालक असे दोन पक्ष कल्पिले गेले. ज्याच्या अंगात दोन्ही पक्ष आहेत तो कुणाच्या बाजूने बोलणार होता?

प्रश्न जातीचा कोठे येतो, असे विचारले जाईल. भूमीहीनतेतून येतो. कारखान्यासाठी जमीन गेली की ‘स्थानिकांच्या गाड्या लावा’ ही मागणी उठते आणि ती न्याय्यही असते. पण तिचा आधार सातबारा असतो. ज्याच्या बापजाद्यांकडे महारकीच्या वतनाचा तुकडा होता किंवा तोही नव्हता, त्याची गेलेली जमीन कोणती दाखवायची? त्याला नंबर मागून लागतो. आणि तरीही तो गाडीच घेतो, दुकान नाही, शेती नाही, कारण गाडीच्या कर्जाला गाडीच तारण चालते. जमीन नसलेल्याला मालक होण्याचा एवढा एकच मार्ग सहज मोकळा आहे, आणि तो मोकळा का ठेवला आहे हे हप्त्याच्या वहीत कळते.

म्हणून २००५ साली दलित उद्योजकांची चेंबर स्थापन झाल्यापासून आणि २०१६ च्या ‘स्टँड अप इंडिया’ पासून जो ‘नोकरी मागणारे नव्हे, देणारे व्हा’ असा सूर लागला आहे, त्याला मी विरोध करीत नाही, पण त्याची भाषा तपासतो. कर्ज मिळणे आणि मालकी मिळणे या दोन गोष्टी आहेत. मनमाडला १९३८ साली रेल्वे कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. अटॅच गाडीवाला या दोहोंच्या मधल्या फटीत उभा आहे: भांडवल त्याच्या नावावर आहे आणि त्याच्या मालकीचे नाही.

साहित्याने त्याला अजून ओळखलेले नाही. नामदेव ढसाळांनी मुंबईत टॅक्सी चालवली, आणि ‘गोलपिठा’ने (१९७२) शहराची रात्र मराठीत आणली. गाडी हाकणाऱ्या हाताने मराठी कविता बदलली, हे आपण अभिमानाने सांगतो. मात्र स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाची कर्जवही आपल्या आत्मकथनांत आली नाही. आत्मकथनाने भूक सांगितली, अपमान सांगितला. उधारीवरची प्रतिष्ठा सांगायला ते संकोचते. वस्तीत ‘शेठ’ म्हणून हाक मारली जाणारा आणि ट्रान्सपोर्टरच्या ऑफिसात ‘ए, तुझी पोच कुठाय’ असे ऐकणारा एकच माणूस, ही विद्रोहाच्या ठरलेल्या साच्यात न बसणारी व्यथा आहे. तिच्यात खलनायक समोर नसतो. तो अक्षरांच्या आकारात असतो.

कोलाड स्थानकावरून १९९९ पासून कोकण रेल्वे भरलेले ट्रक डब्यांवर चढवून गोव्याकडे नेते. चालक आपल्याच केबिनमध्ये बसून राहतो. इंजिन बंद, डिझेल वाचलेले, घाट दुसऱ्याच्या ताकदीने चढत असलेला. तेवढे तास त्याच्या हाती स्टिअरिंग असते आणि चालवायचे काही नसते. या प्रवासावर कथा लिहायची तर ती त्याच्या झोपेची लिहावी लागेल, की हप्त्याच्या तारखेच्या मोजणीची, हे आपल्या तरुण लेखकांपैकी कुणी रोह्याच्या अलीकडे उतरून पाहावे.