चानी, धूर आणि ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’

शाहू पाटोळेंचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होतं, ते त्यात आहे. २०२४ मध्ये ते इंग्रजीतही गेलं. आपल्यातल्या काही पोरांना या पुस्तकाची लाज वाटते. काही जण न वाचताच स्टेजवर त्याचं नाव घेऊन टाळ्या घेतात. मला दोन्ही मान्य नाही.

पाककृतींची पुस्तकं तूप, दूध, खवा घरात आहेच असं धरून चालतात. हे पुस्तक तसं धरत नाही. त्यातली चानीच बघा. जनावर एका दिवसात संपत नाही, ठेवायला फ्रिज नाही, उद्याचा भरवसा नाही. मग मांसाच्या लांब पातळ पट्ट्या कापायच्या, दोरीवर कडकडीत वाळवायच्या, फाके पडायच्या दिवसांसाठी ठेवायच्या. चव नंतरची गोष्ट, आधी हिशेब.

आमच्या मोहर्लीकडं, ताडोबाच्या कडेला, झडी लागली की उन्हाचा नेम नसतो. तिथं धूर कामाला येतो. सांदवाडीत तीन दगड, मंद निखारे, वर कामट्यांची ताटी. मीठ चोळलेलं मांस, मासळी आधी वाऱ्यावर कोरडी व्हावी लागते. नाही तर वरून काळी, आतून कच्ची. चरबी आधीच काढायची, ती खवट होते. मीठ पाणी ओढतं, ऊब उरलेलं सुकवते, धूर माशी आणि कूज लांब ठेवतो. म्हातारी म्हणते, “जाळ नोको करू बाप्पा, धूर कर!” हे शास्त्रच आहे. पण पदवीवाल्यानं सांगितलं तर शास्त्र, आईनं सांगितलं तर गावंढळपणा. शहरातल्या हॉटेलात हेच ‘स्मोक्ड’ म्हणून महाग विकतात.

कोणी विचारेल, बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, तुम्ही ते परत आणता काय? मुळीच नाही. ते मांस गावकीच्या वेठीबरोबर यायचं. ढोर ओढायचं आणि तेच खायचं, निवड नव्हतीच. बाबासाहेबांनी तोडली ती ही साखळी. १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्याला दीक्षा झाली, तीही हीच साखळी कायमची तोडायला. पण वाळवायचं, धुरी द्यायचं कसब म्हणजे गुलामी नव्हे. ती गुलामीतही जगवणारी अक्कल. वेठ टाका, अक्कल ठेवा. बकरीला, कोंबडीला, मासळीला ती चालतेच.

पुस्तक आलं त्याच २०१५ मध्ये राज्यात गायीसोबत बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. ज्यांच्यावर काल मेलेलं ढोर लादलं, आज त्यांच्याच ताटाची झडती! जंगलाकडेला तर १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. वाघ-हरणं जगलीच पाहिजेत. पण सांदवाडीत धूर दिसला की शिकारच, ही नजर कुणाची?

पुस्तकाचा आवाका मराठवाड्याचा. चंद्रपूर-गडचिरोलीची धुरी त्यात शोधू नये. ते काम आपलं. मात्र चवीच्या आठवणी काढून थांबू नका. तो धूर बाईच्या डोळ्यांत, छातीत गेलाय, तेही लिहा. वही घेऊन आपापल्या आईपुढं बसा. मीठ किती, दिवस किती, कापलं कुणी, खाल्लं कुणी, आणि कुणाला उरलंच नाही, सगळं उतरवा.