संशोधन-खर्चावरील करसवलत आणि मावळचे औद्योगिकीकरण : एक चिकित्सा

उद्योगांच्या संशोधन-खर्चावर राज्यांनी आयकरात सवलत द्यावी, हा विचार मूलतः अमेरिकन आहे. तेथे 1981 मध्ये संघ सरकारने व पुढच्याच वर्षी मिनेसोटा राज्याने अशी सवलत सुरू केली. भारतात मात्र शेतीचे उत्पन्न वगळता आयकराचा अधिकार केंद्रसूचीत आहे. त्यामुळे महाराष्ट्राने ठरविले तरी तळेगावच्या कारखान्याला संशोधनासाठी आयकरात एक रुपयाही सोडता येत नाही. या घटनात्मक मर्यादेचे परिणाम आपल्याकडील औद्योगिक धोरणाच्या चर्चेत पुरेसे तपासले गेलेले नाहीत.

केंद्राची सवलत आयकर कायदा, 1961 च्या कलम 35(2एबी) मध्ये 1997 साली आली. मान्यताप्राप्त अंतर्गत संशोधन केंद्रावर केलेल्या खर्चाच्या 125 टक्के वजावट प्रथम मिळे. 2010 च्या अर्थसंकल्पाने ती 200 टक्के केली, 2017 पासून ती 150 व 2020 पासून 100 टक्क्यांवर आली. जमीन व इमारतीचा खर्च या भारित वजावटीत धरला जात नसे. 30 टक्के दराने कर भरणाऱ्या कंपनीला 200 टक्क्यांच्या काळात शंभर रुपयांच्या खर्चामागे सुमारे तीस रुपये जादा वाचत. ज्या नव्या उद्योगाला अद्याप नफाच नाही, त्याच्या हाती त्या वर्षी काहीही पडत नसे. ही सवलत स्थिरावलेल्या मोठ्या कंपन्यांनाच अधिक उपयोगी पडणारी होती, असे म्हणावे लागते.

राज्याकडे उरते ती सामूहिक प्रोत्साहन योजना. 1964 पासून चालत आलेल्या या योजनेचे माप प्रामुख्याने स्थिर भांडवली गुंतवणूक हे राहिले. परतावा राज्यातील विक्रीवरील कराशी, म्हणजे आधी मूल्यवर्धित कराशी व नंतर राज्य वस्तू व सेवा कराशी, जोडला गेला. येथेच खरी मेख आहे. प्रयोगशाळा माल विकत नाही. परदेशातील मूळ कंपनीसाठी आरेखन करणाऱ्या केंद्राची सेवा निर्यात ठरते. तीवर राज्याच्या तिजोरीत कर येत नाही, मग परत काय करणार?

तळेगावचे उदाहरण बोलके आहे. जनरल मोटर्सने येथे 2008 मध्ये उत्पादन सुरू केले व 2020 च्या अखेरीस थांबविले. कंपनीचे तांत्रिक केंद्र मात्र बंगळुरूला होते. 2023 मध्ये हा कारखाना घेण्याचा करार करणाऱ्या ह्युंदाईचे भारतातील अभियांत्रिकी केंद्र हैदराबादला आहे. याचे कारण केवळ कर, असा दावा येथे नाही. अभियंत्यांची उपलब्धता हे कारण कदाचित अधिक बलवत्तर असेल. परंतु मावळच्या शेतकऱ्याची जमीन गेली ती जोडणीच्या शेडसाठी, आणि राज्याच्या सवलतीचे मापही तेवढेच पाहते.

मग राज्यांना आयकराचे अधिकार द्यावेत काय? डॅनियल विल्सन यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकन राज्यांतील सवलतीने वाढलेले संशोधन बहुतांशी शेजारच्या राज्यांतून ओढलेले असल्याचे दाखविले. वेदांत-फॉक्सकॉनचा प्रस्तावित प्रकल्प 2022 मध्ये तळेगावऐवजी गुजरातला गेल्यावर आपल्याकडे जो गदारोळ झाला, तो पाहता ही चढाओढ येथे कोणत्या थराला जाईल, याची कल्पना करता येते. (फॉक्सकॉन पुढच्याच वर्षी त्या प्रकल्पातून बाहेर पडली, हे फारसे कोणी लक्षात ठेवले नाही.)

त्यापेक्षा परताव्याचे माप बदलणे राज्याच्या हाती आहे. विक्रीऐवजी राज्यात नेमलेल्या संशोधकांच्या वेतनाचा ठरावीक हिस्सा अनुदान म्हणून दिल्यास नफा नसलेल्या लहान उद्योगालाही तो मिळेल. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही.

मावळातील सर्वांत यशस्वी संशोधन तर करसवलतीच्या कक्षेतच येत नाही. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या वडगाव मावळ येथील केंद्राने आंबेमोहर 157 व आयआर 8 यांच्या संकरातून इंद्रायणी भात विकसित केला. तो 1987 मध्ये प्रसारित झाला. शेतकरी घरचेच बियाणे राखून पुन्हा पेरू शकतो, म्हणून खासगी कंपनीला त्यात नफा थोडा, आणि करपात्र नफा नसलेल्या सरकारी केंद्राला वजावटीचा उपयोग शून्य. तेथे लागला तो थेट सार्वजनिक निधी.