आल्लेलुया कोणी म्हणावी?

जोव्हान्नी गाब्रिएली यांचे ‘इन एक्लेसीस’ हे मोटेट आम्ही प्रथम ऐकले ते भंडाऱ्याजवळच्या शहापूरला, महामार्गावरून मालमोटारी धडधडत असताना, एका ध्वनिमुद्रणावर. अशा गायनाची खरी जागा दगडी घुमटाखाली; घरातल्या यंत्रातून ते अर्धेमुर्धेच पोहोचते. तरीही त्या दिवशी एक शंका मनात रुजली. तिच्यासाठीच हा लेखनप्रपंच.

मोटेट म्हणजे लॅटिन धर्मवचनांवर रचलेले अनेक आवाजांचे गीत. व्हेनिसच्या संत मार्क मंदिरात सोळाव्या शतकात गायक-वादकांचे निरनिराळे वृंद एकमेकांना उत्तर देत गाऊ लागले. गाब्रिएली १५८५ पासून तेथे ऑर्गनवादक होते. १६१२ मध्ये ते निवर्तले. ही रचना छापली गेली १६१५ मध्ये. चार एकल गायक, चार आवाजांचा वृंद, सहा वाद्ये अशा १४ स्वरपंक्ती, आणि आधाराला ऑर्गन.

एवढ्या डामडौलात शब्द कानी पडतात काय? ट्रेंटच्या परिषदेच्या (१५४५-६३) काळापासून हा प्रश्न धर्मसभेला सतावत होता. गाब्रिएलींनी कडवी एकदोन गायकांकडे दिली आणि वृंदाला सर्वांच्या ओळखीचा एकच शब्द दिला: आल्लेलुया. तो तीन मात्रांच्या लयीत, नाचत परत परत येतो. आपल्याकडे मुख्य कीर्तनकार आणि झीलकरी यांचे नाते काही वेगळे नाही. तिसऱ्या कडव्यात मात्र वाद्यांची कलाकुसर दोन गायकांवर कुरघोडी करते, शब्द दबतात. हा भाग आम्हांस कमअस्सल वाटतो. पण अखेरच्या कडव्यात ‘देव’ या अर्थाच्या शब्दावर सारे वृंद एकवटतात, स्वर लांबतात, संवादी स्वरांचा मेळ अकस्मात भलत्याच दिशेला वळतो आणि ऐकणारा चपापतो. त्या दोन-चार क्षणांसाठी संपूर्ण रचना ऐकावी.

हे वैभव आपल्या भूमीलाही परके नव्हते. १६६३ च्या सुमारास जुझेप्पे सेबास्तियानी या इटालियन कार्मेलाइट धर्मगुरूंनी गोव्याच्या बॉम जेझू मंदिरात सात वृंदांचे गायन ऐकले. ती रचना रोमच्या कारिस्सिमींची, असे त्यांना सांगण्यात आले. आपण रोममध्येच आहोत असा त्यांना भास झाला, आणि स्थानिक लोकांची संगीतातील गती पाहून ते थक्क झाले. हा प्रसंग वाचून आमचीही छाती फुगते.

पण त्याच गोव्यात, साष्टीतील रायतूरला, १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले होते. म्हणजे गाब्रिएलींच्या त्या ग्रंथानंतर अवघ्या वर्षाने. ओवीला सात वृंद लागत नाहीत. एकाने म्हणावी, घरच्यांनी समजावी. सणाच्या थाटाची आठवण काढताना या दुसऱ्या वारशाची आठवण का राहू नये?

आजच्या सणाच्या मिस्सेत कीबोर्ड आणि ध्वनिवर्धक मिळून स्तोत्राचा शब्दही कळू देत नाहीत, हा अनुभव एकट्या आमचा नसावा. मराठी भाषेत उपासना मिळूनही ती ऐकू येऊ नये, हे दुर्दैव. गायकवृंदांच्या प्रमुखांना आमची विनंती एवढीच: पुढल्या सणाला स्तोत्राची कडवी एकाच गायकाने, जवळजवळ साथीविना म्हणून पाहावीत, आणि आल्लेलुया शेवटच्या बाकावरच्या आजीबाईंपर्यंत सर्वांवर सोपवावी. वृंदाने निम्मे पुढे, निम्मे मागच्या दाराशी उभे राहावे. ध्वनिवर्धक तेवढा वेळ बंद ठेवावेत.